नादारीचा अर्ज आणि अडकलेला टॅक्स रिफंड: पहिला हात कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला इंटिरियरची कामं करता, पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डं मिळून देणं डोईजड झालंय, नादारीचा (म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून दिवाळखोरीचा) अर्ज करायचा विचार आहे आणि इन्कम टॅक्सकडून ६२ हजारांचा रिफंड यायचाय. तो जाईल का, बायकोच्या खात्यात घेता येईल का, की यंदा रिटर्नच भरू नये? उत्तरं आधी देऊन टाकतो. जाऊ शकतो. नाही. आणि रिटर्न भराच.

अर्ज केला की रिफंड जातो, असं तुम्ही जे वाचून घाबरलात ते अमेरिकेतलं आहे. तिथं चॅप्टर ७ मध्ये (मालमत्ता विकून देणं भागवायच्या दिवाळखोरीत) अर्जाच्या तारखेपर्यंतच्या कमाईवरचा रिफंड ट्रस्टीच्या (कोर्टानं नेमलेल्या व्यवस्थापकाच्या) ताब्यातल्या मालमत्तेत धरतात. वर्षाच्या मध्यावर अर्ज केला तर साधारण निम्मा रिफंड तिकडे, उरलेला तुमचा. नवरा-बायकोनं एकत्र रिटर्न भरला असेल तर त्यात कुणाचा वाटा किती, हा आणखी एक वाद. शिवाय अर्ज दाखल झाला की वसुली तिथल्या तिथे थांबते. यातलं काहीही शिवाजीनगर कोर्टात जसंच्या तसं लागू नाही.

आपल्याकडे २०१६ चा दिवाळखोरी कायदा आला, पण त्यातला व्यक्तींबद्दलचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. बाकी सगळ्यांना, म्हणजे तुम्हाला, अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच. (मुंबई शहराला वेगळा, १९०९ चा.) अर्ज करायला किमान ५०० रुपये देणं असावं, अशी त्यातली अट आहे. तेव्हाचे ५०० रुपये. आज पाचशेच्या देण्यासाठी कोण कोर्टात जाईल, पण आकडा तसाच आहे.

या कायद्याचं २८ वं कलम तुमच्या कामाचं आहे. कोर्टानं नादार ठरवलं की तुमची सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसिव्हरकडे (ती सांभाळून वाटायला कोर्टानं नेमलेल्या माणसाकडे) जाते, आणि तो आदेश अर्ज दाखल झाला त्या तारखेपासून लागू झाला असं धरतात. एवढ्यावर थांबत नाही. नादारीतून मुक्तता मिळेपर्यंत मधल्या काळात जे काही तुमच्या हाती येईल, तेही रिसिव्हरचंच. त्यामुळे अमेरिकेसारखं ‘इतका भाग आधीचा, इतका नंतरचा’ असं गणित मांडून फारसा उपयोग नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं ज्यावर जप्ती येत नाही ते सुटतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम वगैरे. त्या यादीत टॅक्स रिफंडचं नाव नाही.

आयकर कायद्यातही याची सोय करून ठेवली आहे. १९६१ च्या कायद्याचं कलम २३८ सांगतं की मृत्यू, नादारी वगैरे कारणानं माणूस स्वतः रिफंड घेऊ शकत नसेल तर त्याचा वारस, ट्रस्टी किंवा रिसिव्हर तो मागू शकतो. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे क्रमांक बदललेत, पण आधीच्या वर्षांचे हिशेब जुन्याच कायद्यानं होतात, म्हणून जुनेच क्रमांक देतोय.)

हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात रिसिव्हरच्या आधी दोघांचे हात तुमच्या रिफंडपर्यंत पोचतात आणि बहुतेक लोक तिथंच गाफील राहतात.

पहिला हात खुद्द आयकर खात्याचा. मागच्या कुठल्या वर्षाची डिमांड (खात्यानं काढलेली कराची थकबाकी) बाकी असेल तर कलम २४५ खाली ती रिफंडमधून वळती करतात. आधी सूचना येते, उत्तराला २१ दिवस मिळतात. ही सूचना ईमेलवर येते आणि जाहिरातींच्या ढिगात पडून राहते. म्हणून आज रात्रीच पोर्टल उघडा, ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये जा, ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ बघा. तिथं कधीकाळचा एखादा आकडा असतो, बरेचदा कुणा ग्राहकानं तुमचा टीडीएस (बिलातूनच कापलेला कर) कापला पण चुकीच्या पॅनवर भरला म्हणून उभा राहिलेला. ‘डिसॲग्री’ निवडायचं, कारण लिहायचं, टीडीएसचं प्रमाणपत्र जोडायचं. गप्प बसलात तर रक्कम वळती होते आणि मग ती सोडवायला दुरुस्तीचा अर्ज, पाठपुरावा, सगळी वरात. डिमांड फार जुनी आणि बारीक असेल तर आधी ती माफ झालीय का पाहा. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १० हजारांपर्यंतच्या डिमांड काढून टाकायचं ठरलं होतं.

दुसरा हात बँकेचा. रिफंड येतो तो पॅनशी जोडलेल्या, पोर्टलवर प्रीव्हॅलिडेट केलेल्या (आधी पडताळून घेतलेल्या) खात्यात. आता ते खातं ज्या बँकेचं लोन थकलंय तिथलंच असेल तर काय होणार? नेटबँकिंगमध्ये शिल्लक ६२ हजार दिसते, खाली ‘लिन अमाउंट’ (बँकेनं अडकवून ठेवलेली रक्कम) म्हणून तेवढाच आकडा दिसतो, आणि एटीएम मात्र नकार देतं. थकबाकीपोटी तुमच्याच ठेवीतून वळतं करून घेण्याचा बँकेचा हक्क जुना आहे, भांडून फार मिळत नाही. ज्या बँकेचं काही देणं नाही तिथलं खातं प्रीव्हॅलिडेट करून रिफंडसाठी तेच निवडा. यात लपवाछपवी नाही, पुढे नादारीच्या अर्जात ते खातं दाखवायचंच आहे.

बायकोच्या खात्यात रिफंड येणार नाही. नाव आणि पॅन जुळत नसेल तर खातं व्हॅलिडेटच होत नाही. मात्र एक दिलासा: आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं. तिच्या पॅनवरचा रिफंड तिचा, तुमच्या नादारीत तो येत नाही. ती लोनमध्ये सहकर्जदार असेल तर बँक तिच्याकडे वेगळी वसूल करेल, ती गोष्ट निराळी.

रिफंड आला की लोक हमखास एक गोष्ट करतात. मेव्हण्याचे हातउसने घेतलेले आधी फेडून टाकतात. घरच्यांसमोर मान खाली नको, हे समजण्यासारखं आहे. पण एका धनकोला (ज्याचं देणं आहे त्याला) झुकतं माप देण्यासाठी पैसे दिले आणि त्यानंतर तीन महिन्यांत नादारीचा अर्ज झाला तर कलम ५४ खाली तो व्यवहार रिसिव्हर रद्द ठरवून घेऊ शकतो. मग मेव्हण्याला कोर्टाची नोटीस. उसने परवडले असते. घरभाडं, किराणा, मुलांची फी, वीजबिल यांत खर्च करा, पावत्या ठेवा.

अर्ज करताना रिफंड आला नसेल तर तो ‘येणं’ म्हणून लिहा. मालमत्तेचा तपशील देणं बंधनकारक आहे आणि फसवण्याच्या हेतूनं लपवलं तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रिटर्न न भरण्याची युक्ती कुणी सुचवली असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. टीडीएस तुमच्या पॅनवर खात्याला दिसतोच, आणि मुदत उलटली की नंतर भरायच्या अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागताच येत नाही. मग तो ना तुम्हाला, ना धनकोंना.

रिसिव्हरकडे पैसे गेल्यावर वाटपात खर्चानंतर पहिला मान सरकारचा आणि स्थानिक संस्थेचा, म्हणजे महापालिकेचा थकलेला मिळकतकरसुद्धा त्यात. कार्डवाल्या बँका मागे. आणि सरकारी देणं मुक्ततेनंतरही माफ होत नाही.

तुम्ही भोसरी-चाकणकडच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेडच्या कर्जाला हमी दिली असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तुमचं प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत (कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाईल. तिथं वाटपाच्या रांगेत सरकार बरंच खाली आहे.

आता माझं मत. ६२ हजार वाचवायला नादारीच्या अर्जाची वेळ जुळवत बसण्यापेक्षा हा रिफंड तयार का होतो ते बघा. ग्राहक तुमचे १० टक्के कापतात. वर्षाची बिलं ६ लाख २० हजार असतील तर टीडीएस ६२ हजार. कलम ४४एडीएनं (व्यावसायिकांसाठीच्या अंदाजे उत्पन्नाच्या सोयीनं) बिलांच्या निम्मं उत्पन्न धरलं तर ३ लाख १० हजार, आणि त्यावर कर शून्य. म्हणजे कार्डांवर तुम्ही ३६-४० टक्के व्याज भरताय आणि स्वतःचे पैसे सरकारकडे महिना अर्धा टक्क्यानं ठेवताय. कमी दरानं टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र मागा (जुनं कलम १९७, फॉर्म १३). ते मिळाल्या तारखेपासून पुढच्याच बिलांना लागू होतं, म्हणून उशीर करू नका. हातात दरमहा पाच हजार जास्त आले तर कदाचित कार्डवाल्यांशी तडजोडीचं बोलता येईल आणि कोर्टाची पायरी टळेल. तडजोड झाली तर पत्र बँकेच्या लेटरहेडवर घ्या, वसुली एजंटच्या व्हॉट्सॲपवर नको.

पोर्टलवर जुनी डिमांड दिसली तर असेसमेंट वर्ष आणि कुठल्या कलमाखाली आहे ते लिहा, उत्तर काय द्यायचं ते सांगतो. आणि रिफंडसाठी निवडलेलं खातं लोनवाल्या बँकेचं आहे का, तेही कळवा.