स्वस्तातली देशी बारा बोर: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ठासणीच्या बंदुकीवर दोन ओळी लिहिल्या आणि परवानाधारक शेतकऱ्यांची देशी बारा बोरबद्दल (काडतूस घालून छर्रे उडवायची बंदूक) इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम तिच्यावरच घेतोय. एक आधीच सांगतो, इथे 'देशी' म्हणजे लायसन्सवर दुकानातून मिळणारी, शिक्का मारलेली, भारतात बनलेली बंदूक. गावठी कट्टा नव्हे, त्यावर मी बोलणार नाही, तो हातात धरू नका एवढंच.

प्रश्न: काका, नमस्कार. आमचं गाव कुडाळजवळ. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची होती, ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला आणि आता ठासणीऐवजी बारा बोर घ्यायला मंजुरी मिळालीय. दुकानदार दोन दुनळ्या दाखवतो, एक सरकारी इशापूरची, दुसरी मुंगेरची प्रायव्हेट, ती बरीच स्वस्त आहे. गावातले म्हणतात देशी घेऊ नको, नळी फुटते. खरं काय ते सांगा.

उत्तर: दादा, आधी ते 'नळी फुटते' डोक्यातून काढा. विक्रीला यायच्या आधी नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं उडवून परीक्षा घेतात, त्याला प्रूफ म्हणतात, आणि पास झाली की नळीवर शिक्का बसतो. तो शिक्का बंदूक उघडून नळीच्या खालच्या सपाट भागावर बघा. शिक्का आहे, नंबर लायसन्सवर चढवायच्या नंबराशी जुळतोय, तर नळीची काळजी बऱ्यापैकी मिटली. नळ्या फुटल्याच्या ज्या गोष्टी मी जवळून बघितल्यात त्यात तोंडात चिखल गेलेला, नाहीतर साफ करताना आत चिंधी राहिलेली आणि तसाच बार काढलेला. त्याने विलायती बंदूकही फुटते.

देशी स्वस्त बंदुकीचं खरं दुखणं फिटिंगमध्ये आहे. मुंगेरला हे काम आजकालचं नाही, मीर कासीमने 1760 च्या दशकात राजधानी तिथे हलवली आणि शस्त्रांचा कारखाना काढला, तिथपासून कारागिरांच्या पिढ्या गेल्यात. अजूनही बरंचसं काम कानशीवर आणि हातावर चालतं, त्यामुळे एकाच कारखान्यातल्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुका सारख्या निघत नाहीत. एक चांगल्या मिस्त्रीच्या हातून गेली तर वीस वर्षं कुरकुरत नाही आणि शेजारची दुसऱ्या दिवाळीला खुळखुळायला लागते. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत मशीनचं काम जास्त, त्यामुळे माप जास्त सारखं येतं, पण लाकूड आणि बाहेरचं फिनिशिंग तिथलंही कधी कधी अगदीच जेमतेम असतं, दस्ता आणि लोखंड जिथे भेटतं तिथे नख जाईल एवढी फट मी पाहिलीय. म्हणून माझं म्हणणं असं की नावावर जाऊ नका, नग बघा. दुकानदाराला तीन-चार नग काढायला लावा, तो कुरकुरला तरी लावा, आयुष्यात एकदाच घेताय.

आता बघायचं कसं ते. बंदूक रिकामी आहे हे स्वतः उघडून, दोन्ही चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) बोट घालून बघा, मग पुढचं. नळीखालची लाकडी पट्टी, जिथे आपण डावा हात धरतो, ती काढून ठेवा आणि नुसती नळी बसवून बंदूक बंद करा. एका हातात दस्ता, एका हातात नळी धरून हलवा. ती पट्टी लावलेली असताना स्प्रिंगच्या ताणाने सगळं घट्ट वाटतं, काढली की खरं कळतं. टक टक लागलं तर तो नग बाजूला. मग तशीच ट्यूबलाइटकडे धरा आणि नळीचा मागचा भाग जिथे लोखंडाला टेकतो तिथे आडवं बघा, उजेडाची रेघ दिसली की नको. तिथे ग्रीस थापलेलं असेल तर आधी पुसून घ्या, ग्रीसने अर्धी ढिलाई लपते.

दुसरी परीक्षा मी पैसे मोजून शिकलो. माझी पहिली दुनळी अशीच स्वस्तातली, कारखान्याचं नाव नाही लिहीत, पहिलं वर्ष झकास गेलं आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर नळी पुसताना दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या कडेने तांबडं पाणी आलं. पट्टीचं झाळण सुटलं होतं आणि आत महिनोन् महिने ओल मुरत होती. दुरुस्ती करणाऱ्याने माझ्यासमोर पट्टी उचकटली तेव्हा आत गंजाचे पापुद्रे होते, सुकलेल्या मेंदीसारखे. त्याच म्हाताऱ्या मिस्त्रीने मला शिकवलं की नळी सुटी करून खालच्या आकड्यात दोरा अडकवायचा, लटकवायची आणि नखाने किंवा पेन्सिलीने टिचकी मारायची. झाळण सगळीकडे धरलेलं असेल तर देवळातल्या बारक्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद येतो. कुठे सुटलं असेल तर 'टप' असा मेलेला आवाज. त्या दिवशी माझ्या नळीचा आवाज फुटक्या मडक्यासारखा आला होता. दुकानात हे करताना चार लोक बघतील, बघू देत.

नळीतून आरपार उजेडाकडे बघा, आतली वर्तुळं सुबक आणि एकमेकांत बसलेली दिसली पाहिजेत. चेंबरमध्ये ड्रिलच्या चऱ्या राहिल्यात का ते बोटाने जाणवतं, राहिल्या असतील तर वापरलेलं काडतूस तिथे चिकटून बसणार, कारण स्वस्त बंदुकीत काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर नसतो, नुसतं थोडं वर उचलून देणारं असतं आणि पुढचं आपल्या नखांनी ओढायचं. मग डमी (दारू नसलेली, खोटी) काडतुसं घालून दोन्ही ट्रिगर दाबून बघा. चांगला ट्रिगर पावणेदोन किलोच्या आसपास सुटतो, स्वस्त नगात तीन किलोपर्यंत गेलेले मी ताणकाट्याने मोजलेत. जड ट्रिगरपेक्षा वाईट म्हणजे हलका. डमी आत ठेवून, घोडे चढवून, दस्त्याच्या बुडाला तळहाताने दणका द्या, आतून 'टिक' ऐकू आलं की ती बंदूक तिथेच ठेवा, कितीही स्वस्त असो. सेफ्टी लावलीय म्हणून निर्धास्त होऊ नका, या बंदुकांत सेफ्टी बहुतेक करून फक्त ट्रिगर अडवते, आतला घोडा नाही.

या सगळ्यात मुंगेरची पास झाली तर बिनधास्त घ्या, उरलेल्या पैशात चांगली पेटी आणि साफ करायचा रॉड येईल.

प्रश्न: गुहागरहून लिहितोय. माझ्या जुन्या सिंगल बॅरलवर 65 लिहिलंय आणि दुकानात 70 चीच काडतुसं मिळाली. घालून बघितलं तर व्यवस्थित आत जातात, बंदूक बंद पण होते. मग चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि आत जातात म्हणूनच जास्त धोका आहे. 65 किंवा 70 मिलिमीटर ही लांबी उडवल्यानंतरच्या उघडलेल्या खोळीची असते. नवीन काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड दिसतं आणि लहान चेंबरमध्येही गुमान बसतं. बार निघाला की तोंड उघडतं, पण उघडायला जागाच नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि छर्रे जायची वाटच अरुंद होते, दाब वाढतो. एकदा उडवून काही झालं नाही म्हणजे चालतं असं नाही, तुमच्या बंदुकीचे सांधे प्रत्येक बाराला ढिले होत जातात. बाजारात मिळणारी शक्तिमान काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, पेटीवर लांबी छापलेली असते ती वाचून घ्या आणि 65 चीच मागा, नसतील तर थांबा. कागदी खोळीची जुनी काडतुसं कोणी दिली तर कोकणच्या हवेत ती फुगतात आणि चेंबरमध्ये अडकतात, घेऊ नका. उरलेली 70 ची दुकानदाराला परत द्या, शेजाऱ्याला नको, तो गुन्हा होतो.

प्रश्न: काका, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. सासऱ्यांची दुनळी आता माझ्या मिस्टरांच्या नावावर आहे. उजवी नळी नेम धरलेल्या जागी लागते, डावी नेहमी बाजूला जाते. गावचा वेल्डर म्हणतो वाकवून देतो, आणि ट्रिगर पण घासून हलका करतो. करावं का?

उत्तर: ताई, कृपा करून करू नका. दुनळीच्या दोन नळ्या समांतर दिसतात पण पुढे किंचित जवळ आणून झाळलेल्या असतात, म्हणजे साधारण 40 यार्डांवर दोन्हीचे छर्रे एकाच जागी पडावेत. हे जुळवणं फार कौशल्याचं, आणि किंमत कमी करायची तर कारखाना पहिली काटकसर इथेच करतो. वाकवून ते सुटत नाही, नळी मात्र वाया जाते.

आधी नक्की किती चुकतेय ते मोजा. रायफल क्लबच्या रेंजवर जाऊन, पेपराची पानं खळीने चिकटवून मोठा कागद करायचा, मधे ठिपका, 40 यार्डांवर म्हणजे साडेछत्तीस मीटरवर लावायचा आणि प्रत्येक नळीचे तीन-तीन बार वेगवेगळ्या कागदांवर. मग जिथे छर्रे दाट पडलेत तिथे 30 इंची वर्तुळ काढून आतली भोकं मोजायची. छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीचं तोंड किंचित अरुंद केलेलं असतं, तो चोक. फुल चोकच्या नळीने 70 टक्क्यांच्या आसपास छर्रे आत ठेवले पाहिजेत, हाफ चोकने 60, बिनचोकच्या नळीने 40. हे बारीक छऱ्यांसाठी, एलजी नावाच्या काडतुसात मोठे सहाच छर्रे असतात, त्याला टक्केवारी लावून काही कळत नाही. स्वस्त बंदुकीवर 'फुल' कोरलेलं असतं आणि कागदावर हाफ निघतं, असं मी स्वतः मोजलंय. वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून वीतभर लांब असेल तर त्या नळीची सवय करून घेता येते, हातभर असेल तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडे न्या. आणि रानडुकराला मोठे छर्रे असले तरी तीस-पस्तीस मीटरच्या पुढून मारू नये, कुठलीही बंदूक असो. जनावर जखमी होऊन पळतं आणि मग दुसऱ्या दिवशी काजू वेचायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

ट्रिगर घासायचं तर नावच काढू नका. आतल्या खाचेवर कानस फिरली की बंदूक नुसत्या धक्क्याने सुटते. बाकी परवाना आहे म्हणजे डुकराला मारायची मुभा आहे असं नव्हे, वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, ती हातात आल्याशिवाय मिस्टरांना बाहेर पडू देऊ नका.

प्रश्न: देवगडहून. दुनळी लांब पडते, आंब्याच्या बागेत फिरवायला अवघड. नळी कापून घेतली तर?

उत्तर: अजिबात नाही. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे नळी आखूड करायलाच वेगळा परवाना लागतो, आणि संरक्षणासाठी मिळणाऱ्या बंदुकीची नळी किमान 20 इंच हवी. शिवाय पुढची दोन-तीन बोटं कापली की चोक गेला, झाळण उघडं पडलं. वजन आणि लांबीचा त्रास असेल तर आखूड नळीचा नवा नग बघा, इशापूरची पंप ॲक्शनही (नळीखालची पट्टी मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस चढवायची एकनळी) मिळते, पण बागेत दमट हवेत तिची साफसफाई दुनळीपेक्षा किचकट हे ध्यानात ठेवा.

प्रश्न: इलेक्शनला बंदूक जमा केली ती दोन महिन्यांनी परत आली तर नळीत तांबडे डाग. देशी लोखंड खराब म्हणून असं होतं का?

उत्तर: लोखंडाला दोष नका देऊ भाऊ, बंद खोलीतल्या ओलीला द्या. पण स्वस्त बंदुकीवरचं निळं-काळं पॉलिश पातळ असतं, ते लवकर हार मानतं हे खरं. जमा करायच्या आदल्या दिवशी आतून-बाहेरून तेलाचा हात द्या, आत थोडं जास्तच, नळी आणि दस्ता वेगळे करून सुती कापडात गुंडाळा. फोमच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात नको, त्यात ओल कोंडते. पोचपावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या. परत आली की त्याच दिवशी तेल पूर्ण पुसून, आरपार बघून मगच काडतूस घाला. आत्ताचे डाग पितळी ब्रश आणि तेलाने निघाले तर ठीक, नख लावल्यावर खड्डा लागत असेल तर गनस्मिथने बघितल्याशिवाय बार काढू नका.