5882353 या संख्येत विशेष काय? 588² + 2353² = 5882353 हा निव्वळ योगायोग आहे का? आणि ही मूळ संख्या आहे का?

योगायोग नाही. यामागे 17 आहे.

आधी बेरीज ताडून घेऊ. 588 चा वर्ग 345744, 2353 चा 5536609, दोन्ही मिळून 5882353. बरोबर आहे. आता तुकड्यांकडे नीट बघा: 588 ची चौपट अधिक एक म्हणजे 2353. पहिल्या तुकड्याला क्ष म्हटलं तर दुसरा 4क्ष + 1. आपली पूर्ण संख्या झाली 10000क्ष + 4क्ष + 1, आणि वर्गांची बेरीज 17क्ष² + 8क्ष + 1. दोन्ही सारख्या धरल्या की 17क्ष² = 9996क्ष उरतं, म्हणजे क्ष = 9996 ÷ 17. हा भागाकार नि:शेष जातो आणि उत्तर 588 येतं. सगळी जादू एवढ्यावरच उभी आहे. मी फोंड्याला शिकवणी घेतो. वर्गसमीकरणं झाली की दहावीच्या मुलांना हेच घालतो. पुस्तकातल्या 'वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट' पेक्षा हे त्यांना जास्त भावतं.

17 चा आणखी पुरावा हवा असेल तर कुठल्याही काजूच्या दुकानातला आठ आकडी कॅल्क्युलेटर घ्या आणि 1 ला 17 नं भागा. 0.0588235 दिसेल, आपलेच आकडे. कारण 17 × 5882353 = 100000001.

तुम्ही विचारलंय, ती मूळ संख्या आहे का? आहे. वर्गमूळ 2425 च्या आसपास, तेव्हा तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल असं वाटतं. पण 100000001 चा कुठलाही मूळ अवयव 16 च्या पटीपेक्षा एकनं जास्तच असतो, त्यामुळे 17, 97, 113, 193, 241 अशा मोजक्याच तपासायच्या. पावसात वीज गेलेली असताना कागदावर करण्यासारखं काम आहे.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. 4 नं भागून बाकी 1 उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. फर्मा या फ्रेंच गणितीनं 1640 मध्ये हे सांगितलं, सिद्ध केलं ऑयलर या स्विस गणितीनं, पुढच्या शतकात. म्हणजे 5882353 चे दोन वर्ग शोधायला निघालात तर 588 आणि 2353 शिवाय दुसरी जोडी मिळणारच नाही, आणि ती संख्येच्या अंगावरच लिहिलेली आहे.

संख्यांचे छंदी, देवळालीचे कापरेकर मास्तर याच्या उलटा खेळ खेळायचे: आधी वर्ग, मग तुकडे, मग बेरीज. 297 चा वर्ग 88209, आणि 88 + 209 = 297.

लहान नमुने हवेत तर 12² + 33² = 1233 आणि 88² + 33² = 8833. इथे 12 आणि 88 मिळून 100 होतात. तसंच 588 ला 10000 मधून वजा करा, 9412 येईल; 9412² + 2353² = 94122353. हे भावंड मात्र मूळ नाही. 9412 म्हणजे 2353 ची बरोबर चौपट, त्यामुळे ती संख्या 17 × 2353 × 2353 निघते.