वाचकांचे प्रश्न : पहिला धडा जमिनीवरचा

प्रश्न : शाळकरी वयात नाशिकरोडला टांग्याच्या घोड्याला गवत घालता घालता लागलेले वेड साठीतही सुटलेले नाही. गंगापूर रस्त्याकडील मळ्यात माझ्या दोन घोड्या आहेत. शेजारची मुले रपेट शिकवण्याचा आग्रह धरतात. सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिले काही दिवस मुलांना खोगिरावर बसवूच नका, खरारा करायला, म्हणजे घोडीचे अंग घासून साफ करायला लावा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला पुष्कळ मोठा परिसर दिसतो. मात्र अगदी नाकासमोरचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत जाण्याची सवय मुलांना आधी लागली पाहिजे. (हौशी पालकांना हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, वाटू द्या.) पुढे घोडी लांब दोरीवर तुमच्याभोवती वर्तुळात चालवावी आणि लगाम मुलाच्या हाती देऊ नये, कारण तोल गेला की नवखा लगामाला लोंबकळतो आणि त्याचा झटका घोडीच्या तोंडाला बसतो. दुडकी चालीत, म्हणजे चालणे आणि भरधाव यांच्या मधल्या चालीत, कर्णरेषेतले दोन पाय एकदम पडतात. तो दोन ठेक्यांचा ताल कमरेत उतरेपर्यंत वेग वाढवू नका. रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत) फक्त चवडा असावा, टाच खाली. पाय आत सरकला तर पडताना तो अडकतो आणि स्वार फरफटत जातो. शिरस्त्राण मात्र पहिल्या दिवसापासून हवेच, अगदी खरारा करतानासुद्धा.