बॉम्बाची पुस्तकं: आधी दुसरा भाग मिळवा

ताई, न्यू जर्सीतल्या एका गराज सेलमध्ये तुम्हाला 'बॉम्बा द जंगल बॉय' मालिकेचे चार भाग मिळाले: पहिला, तिसरा, चौथा आणि आफ्रिकेतल्या पिग्मींचा. लेखक रॉय रॉकवुड कोण, वाचायला कुठून घ्यावं आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. ही मालिका माझ्या फार जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॉय रॉकवुड नावाचा कुणी लेखक नव्हताच. ते टोपणनाव एडवर्ड स्ट्रेटमेयरच्या संस्थेच्या मालकीचं होतं. हा माणूस तुमच्या न्यू जर्सीचाच, १८६२ साली एलिझाबेथ या शहरात जन्मलेला. कथानकाचा आराखडा संस्थेत तयार व्हायचा, लेखन दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचे, त्याला ठरलेली रक्कम एकदाच मिळायची आणि नावावर किंवा हक्कांवर त्याचा काही दावा राहायचा नाही. आपण लायब्ररीतून आणून वाचलेल्या हार्डी बॉइज आणि नॅन्सी ड्रू या मुलांच्या रहस्यकथा याच कारखान्यातल्या. बॉम्बाचे १९२६ ते १९३८ या काळात वीस भाग निघाले, प्रकाशक कपल्स अँड लिऑन. पहिले दहा दक्षिण अमेरिकेत घडतात, पुढचे दहा आफ्रिकेत. पिग्मींचा भाग बारावा, तो सध्या बाजूलाच ठेवा.

टारझन १९१२ सालचा, त्यामुळे बॉम्बा म्हणजे टारझनची नक्कल असं सर्रास म्हटलं जातं. प्रेरणा तिथली आहे यात वाद नाही, पण गोष्टीचा गाभा मला वेगळा वाटतो. बॉम्बा चौदाएक वर्षांचा. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात कोडी कॅसन या म्हाताऱ्या निसर्गअभ्यासकाजवळ वाढलेला. आपण कोण, आईवडील कोण, त्याला काहीच माहीत नाही. कॅसनला माहीत होतं. पण बॉम्बावर चालून आलेल्या अ‍ॅनाकोंडावर त्यानं गोळी झाडली, बंदूक हातातच फुटली, डोक्याला मार बसला आणि स्मृती गेली. त्याबरोबर पोराचं लिहायला-वाचायला शिकणंही थांबलं. कॅसनच्या तोंडून अधूनमधून 'बार्टो', 'लॉरा' ही नावं निसटतात आणि पुढचं आठवत नाही. ज्याच्यापाशी उत्तर आहे तो रोज समोर बसलेला आहे आणि त्याला ते सांगता येत नाही. जग्वार आणि मगरींपेक्षा मला हेच अंगावर येतं.

म्हणून क्रम मोडू नका. दुसऱ्या भागात बॉम्बा हलत्या डोंगरावरच्या जोजास्टा या मांत्रिकाला शोधत जातो. त्याच्याकडून धागा सोब्रिनिनी नावाच्या बाईकडे जातो, म्हणजे तुमच्याकडचा महाधबधब्याचा तिसरा भाग. तिथून जग्वार बेटावरचा जापाझी हा माणूस, तो चौथा भाग. दुसरा भाग गाळलात तर मुलगा धबधब्यापाशी पोचेल, पण बॉम्बा तिथे का आलाय हे त्याला कळणार नाही. पहिले तीन भाग १९२६ चे आहेत, आणि त्या सालची पुस्तकं १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत प्रताधिकारमुक्त झाली आहेत. तेव्हा जालावर दुसऱ्या भागाची स्कॅन केलेली प्रत मिळाली तर निःशंकपणे वाचा. छापील प्रतच हवी असेल तर १९५३ पासून ग्रॉसेट अँड डनलॅपने काढलेली आवृत्ती शोधा. त्यांनी पहिले दहाच भाग पुन्हा छापले होते.

आता मुलाला द्यावी का? द्या, पण शेजारी बसून वाचा. आपली कातडी गोरी आहे हे बॉम्बाला पुन्हा पुन्हा आठवतं आणि त्यावरूनच आपण जंगलातल्या माणसांपेक्षा वेगळे, वरचे, असं पुस्तक त्याच्या मनात भरवत राहतं. मूळ रहिवासी बहुतेक वेळा मुंडकी कापणारे किंवा भित्रे. गोरे प्रवासी भले. पहिल्या भागात गिलिस आणि डॉर्न हे दोघे रबर शोधणारे भेटतात, दोघेही उमदे. खरा इतिहास फार वेगळा आहे. रबराच्या तेजीच्या काळात अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या पुतुमायो नदीच्या खोऱ्यात रबर कंपनीच्या लोकांनी तिथल्या आदिवासींना गुलामासारखं राबवलं, चाबकानं फोडलं, उपाशी मारलं. रॉजर केसमेंट या ब्रिटिश अधिकाऱ्याचा त्यावरचा अहवाल १९१२ साली प्रसिद्ध झाला होता, म्हणजे बॉम्बाच्या चौदा वर्षं आधी. कापलेली डोकी आक्रसून ठेवण्याची प्रथाही इक्वेडोर-पेरूकडच्या शुआर आणि त्यांच्या नात्यातल्या जमातींची, साऱ्या अ‍ॅमेझॉनची नव्हे. आफ्रिकेतल्या भागांत हा वर्णभेद आणखी बोचतो, म्हणून बारावा भाग बाजूला ठेवा म्हटलं.

मी भाच्याला पहिला भाग रोज रात्री एक प्रकरण असा मराठीत सांगत वाचला. नाव ऐकून पहिल्या दिवशी तो खूप हसला. गिलिस-डॉर्न आले तेव्हा मी थांबलो आणि रबराचा चीक कसा काढतात, तो कोण काढायचं, त्यांना काय मिळायचं, हे त्याच्या वयाला झेपेल इतकं सांगितलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "मामा, मग त्या लोकांनी बॉम्बावर विश्वास का ठेवावा?" हे पुस्तकात कुणी विचारत नाही. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्याचा प्रश्न होता, कॅसनला आठवलं का? दोन्ही प्रश्न त्याचेच, म्हणून पुस्तक दडवून ठेवावं असं मला वाटत नाही.

किमतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आवृत्तीचं सांगतो. आतल्या पानावर १९२६ दिसलं म्हणून ती पहिली छपाई समजू नका. पुढच्या छपायांतही तेच साल राहायचं. शेवटच्या पानांवर मालिकेतल्या पुस्तकांची जाहिरात असेल, तिथे यादीत शेवटचं नाव कुठलं आहे ते पाहा. आफ्रिकेतली नावं असतील तर प्रत १९३१ च्या आधीची असू शकत नाही. पानं उलटताना कोपरा चिमटीत धरू नका, त्या काळचा कागद त्यातल्या आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो आणि तुकडा हातात येतो. माझ्या तिसऱ्या भागाचं एक पान असंच गेलं. तळहात पानाखाली घालून उलटा, आणि मुलालाही आधी तेच शिकवा.

चारही भागांच्या त्या शेवटच्या पानांचे फोटो इथे टाका, प्रती साधारण कधीच्या ते सांगतो.