1939 चा रुपया विकताना सराफाची पावती दाखला म्हणून चालते का?

प्रश्न असा आहे: आजोबांच्या पेटीत काही राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले) रुपये आणि 1939 चा एक रुपया निघाला, गिऱ्हाईक कोलकात्याचं आहे, ते त्रयस्थाकडून तपासून मागतंय. नाशिकच्या सराफाने लिहून दिलं तर चालेल का, आणि पाठवायचं कसं?

चालणार नाही. सराफ टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते सांगतो, नाण्याबद्दल काही सांगत नाही.

1938 चा रुपया ढिगाने मिळतो, 1939 चा मिळत नाही. दोन्हींत चांदी 91.7 टक्के, वजन 11.66 ग्रॅम. मग बनावट करणारा नाणं कशाला ओतत बसेल? तो खऱ्या 1938 चा 8 कोरून 9 करतो. मशीनवर चांदी खरीच येणार, कारण ती खरीच आहे. घरची पाण्याची कसोटीही इथे फसते. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता बुडवा. आकडा 1.13 च्या आसपास आला तर जुनी चांदी, 1.22 च्या आसपास आला तर 1940 पासूनची निम्म्या चांदीची. कोरलेला रुपयाही 1.13 च दाखवतो. त्यामुळे सगळा निकाल त्या शेवटच्या आकड्यावर. दहापट भिंगाखाली 9 च्या भोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, बघा. तिथेच चमक तुटलेली, एकाच दिशेच्या बारीक रेघा किंवा बाकीच्या आकड्यांपेक्षा वेगळी उंची दिसली तर नाणं बाजूला ठेवा.

माझ्या रुपयाचं काय झालं ते सांगतो, कारण करायच्या नाहीत त्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. सराफ बाजारात टंच काढायला दिला. दुकानातल्या पोऱ्याने कसोटीवर कड घासली आणि वर उपकार म्हणून चिंचेच्या पाण्यातून लखलखीत करून दिला. अशा घासल्या-धुतल्या नाण्याला दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या 1 ते 70 मधला आकडा देत नाहीत, नुसतं 'डिटेल्स' लिहितात, आणि भाव तिथेच बसतो. तरी तो विकला गेला. गिऱ्हाइकाने आठ दिवसांनी 'नकली आहे' म्हणून परत पाठवला. आलेल्या नाण्याच्या कडेला घासल्याची खूणच नव्हती! म्हणजे नाणं बदललेलं. पण मी फोटो फक्त दोन्ही बाजूंचे काढले होते, कडेचा एकही नाही. सिद्ध कशाने करणार?

आमच्या संग्राहकांतले एक काका अजूनही म्हणतात की त्रयस्थ म्हणजे पैशाची नासाडी, फोटो आणि ओळख पुरते. काका, फोटो कशाचा, ते आधी ठरवा. आणि त्रयस्थाचे पैसे एकट्या घेणाऱ्याने दिले तर तो त्रयस्थ उरत नाही, एकट्या विकणाऱ्याने दिले तरी नाही. निम्मे-निम्मे करा. अमेरिकेत ईबे या ऑनलाइन बाजारात महागडी घड्याळं आणि ट्रेडिंग कार्डं (संग्राहकांची छापील कार्डं) विकली की वस्तू आधी मधल्या तपासणी केंद्राकडे जाते, मग घेणाऱ्याकडे. ती पद्धत मला पटते, कारण दाखला जुना नसतो, वाटेतच तपासणी होते. नाण्यांत पीसीजीएस किंवा एनजीसी या दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांचा सीलबंद स्लॅब, म्हणजे क्रमांक असलेली प्लॅस्टिकची डबी असते, पण बनावट स्लॅबवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असू शकतो. कंपनीच्या साइटवर क्रमांक टाका आणि तिथे फोटो असेल तर त्यातले ओरखडे हातातल्या नाण्याशी जुळवा. क्रमांक सापडला म्हणजे काम झालं, असं नाही.

पाठवताना नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकट थर चढतो. मायलरची (पारदर्शक फिल्मची) खिडकी असलेला पुठ्ठ्याचा होल्डर घ्या, तो दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधा, मग डबी, मग खोकं. हलवून बघा, आवाज आला तर पुन्हा बांधा. बाहेर 'नाणी' लिहू नका, पण पोस्टाच्या काउंटरवर खरं सांगा आणि विमा काढा. खाजगी कुरिअर बहुधा नाणी घेतच नाहीत आणि खोटं लिहून दिलं तर नुकसानभरपाई विसरा. पावतीवरचं ग्रॅममधलं वजन जपा. फोटो तीन: दोन्ही बाजू आणि फिरवत काढलेली पूर्ण कड. गिऱ्हाइकाला आधीच सांगा की पार्सल उघडतानाचा एकसलग व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही.

राणीछापचं राहिलंच. साध्या वर्षांच्या रुपयांना तपासणीचा खर्च परवडत नाही, ते वजनावर आणि फोटोवर विका. आणि ते शंभर वर्षांपुढचे, म्हणजे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात बसतात. ग्रेडिंगसाठी म्हणूनसुद्धा परदेशी पाठवायचे नाहीत, कुणी कितीही 'आम्ही करून देतो' म्हटलं तरी. 1939 च्या रुपयाला ती अडचण नाही, कस्टमची कागदपत्रं मात्र लागतात. पेटीत नहपान या प्राचीन क्षत्रप राजाचं वगैरे काही निघालं आणि कुणी 'जोगलटेंभीचं (नाशिकजवळच्या गावचं) आहे' म्हणून जास्त भाव सुचवला, तर हसून सोडून द्या. 1906 साली तिथे तेरा हजारांवर नाणी सापडली, तेव्हापासून नाशकात प्रत्येकाचं नहपानाचं नाणं तिथलंच असतं. तपासणारा नाणं खरं की खोटं सांगेल, ते कुठल्या मडक्यातून आलं ते सांगणार नाही.

आणि काका, तुम्ही कडेचा फोटो अजून काढत नसालच.