‘माझ्यामुळे आईबाबा वाळीत पडले’

‘मॅडम, मी स्वार्थी आहे का?’ घरच्यांना न रुचणारं लग्न केलेल्या मुली समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या की हा प्रश्न हमखास येतो. ही २८ वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गाव दक्षिण रायगडात, नोकरी ठाण्यात. लग्न दुसऱ्या जातीतल्या मुलाशी, ३० दिवसांची नोटीस देऊन, विशेष विवाह कायद्याखाली. आईबाबांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, तेच गावकीला, म्हणजे गावचे निर्णय घेणाऱ्या बैठकीला, खुपलं. दंड भरा, मुलीशी संबंध तोडा, असा निरोप आला. बाबांनी नकार दिला आणि घर वाळीत पडलं.

शिमग्याचं सांगताना तिला शब्द फुटेना. आईने अंगण सारवलं, रांगोळी घातली, खण-नारळ-तांदळाचं ताट सजवलं. ढोल जवळ आला. शेजारच्या अंगणात देवीची पालखी नाचली आणि यांचं दार ओलांडून पुढे गेली. आई ताट धरून तशीच उभी. रात्री फोनवर तिने विचारलं, ‘देवी तरी माझी आहे ना गं?’

मैत्रिणी म्हणतात, तुझं आयुष्य तुझं, कशाला पर्वा करतेस? मला हा सल्ला कधीच पटला नाही. ठाण्यात फ्लॅट असलेल्याला तो परवडतो. तिच्या आईची लावणीची माणसं, हळदीकुंकू, उद्या मयताला लागणारे चार खांदे, सगळं त्या वाडीत आहे. माणसाला माणूस लागतो, यात मागासलेपण कसलं? गावकीला हे पक्कं माहीत असतं, म्हणून ती तिथेच नख लावते.

मी तिला कागदावर दोन रकाने करायला लावले: मी काय केलं, इतरांनी काय केलं. पहिल्यात एक ओळ, ‘लग्न केलं’. दुसरा भरत गेला: बैठक, दंड, गिरणीवर दळण नाकारलं, पालखी. ‘पण मी लग्नच केलं नसतं तर?’ मी म्हटलं, बैठकीत हात वर झाले, त्यातला एक तरी तू धरून वर केलास का? ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

मग कायद्याचं बोललो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला, जुलै २०१७ पासून लागू झाला. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करता येते आणि घरातलं कुणीही ती करू शकतं. ती लगेच निघाली होती. मी थांबवलं. त्या वाडीत राहायचं आईबाबांना आहे, त्यांना विचारल्याशिवाय नको.

पुढच्या खेपेला बाबा सोबत आले. कायद्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग लेकीकडे न बघता म्हणाले, ‘ताई, मीपण गावकीत बसलोय. एका घरावर मीपण हात वर केलाय. हिला माहीत नाही, तेव्हा ही लहान होती.’

ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

‘ते घर अजून आहे गावात,’ बाबा म्हणाले. ‘आधी त्यांच्या पायरीवर जाऊन येतो. पोलिसांचं मग बघू.’