माहितीपर ऑडिओबुक अर्धवट सुटतं, ते पुस्तकामुळे की वाचणाऱ्यामुळे?

तुम्ही लिहिलंय की इतिहास, अर्थकारण, शेती-पाणी असली पुस्तकं हातात घेऊन तुम्ही आरामात संपवता, पण तीच ऑडिओवर लावली की दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात लक्ष उडतं. मग दोष पुस्तकाचा, वाचणाऱ्याचा की तुमच्या कानांचा, आणि पैसे कुठल्या ॲपला द्यावेत?

वाचणाऱ्याचा. बहुतेक वेळा वाचणाऱ्याचाच. त्याचा आवाज चांगला असतो आणि तो चांगला आहे हे त्याला माहीत असतं, तिथंच घोळ होतो.

कादंबरी कोणीही वाचली तरी थोडीफार निभावते. पुढे काय झालं हे आपल्याला कळायचं असतं, म्हणून आपण वाचणाऱ्याला सांभाळून घेतो. माहितीच्या पुस्तकात सगळा जीव 'पण', 'त्यापैकी', 'वगळता', 'तरीसुद्धा' असल्या बारक्या शब्दांत असतो. कागदावर आपण अडलो की दोन ओळी वर जातो, आकड्याखाली बोट धरतो. गाडी चालवताना किंवा भाकऱ्या थापताना यातलं काहीच जमत नाही. ते काम मग वाचणाऱ्याने गळ्याने करायचं असतं. त्याने नाही केलं तर आवाज कानावर पडत राहतो, डोक्यात काही शिरत नाही, आणि वर आपल्यालाच वाटतं की आपलं लक्ष नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरात यावरून भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

आमचे आप्पा खानापूर तालुक्यात मराठी शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर मधुमेहाने डोळ्यांचे पडदे गेले. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, 'तरुण भारत'चा मथळा मात्र लागत नाही. जन्मभर वाचलेला माणूस. टीव्हीवरच्या चर्चा त्यांना सहन होत नाहीत ("हे ओरडूलालेत कशाला?"). मी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत. ते गावी, जांबोटी रस्त्याला. म्हणून त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं आणि पाणीतंट्यांवरचं एक मराठी पुस्तक लावून दिलं. पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण खोट पुस्तकात नव्हती.

विषय अगदी त्यांच्या अंगणातला. मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगम पावते. कळसा आणि भांडुरा हे नालेही आमच्याच तालुक्यातले. त्यांचं पाणी गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादईत न जाऊ देता मलप्रभेत वळवायचं, म्हणजे ते खाली नविलुतीर्थाच्या धरणात आणि तिथून हुबळी-धारवाडच्या नळाला जाईल, हा कर्नाटकाचा बेत. आणि गोव्याचा त्याला विरोध. आप्पा या भागातल्या नाल्यांत पोहायला शिकलेले. असा श्रोता कुठल्या निवेदकाच्या नशिबात असतो?

थोड्याच वेळात त्यांनी फोन उशीखाली ढकलला. "काय वाचूलालाय ते त्याला तरी कळूलालंय काय?"

मी मागे जाऊन ती जागा ऐकली. आवाज मोठा भारदस्त, मागे बासरी. मजकूर साधारण असा: १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात म्हादईच्या तंट्यासाठी नेमलेल्या जललवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यापैकी ८.०२ वीजनिर्मितीसाठी, उरलेल्या ५.४ पैकी १.५ म्हादईच्या खोऱ्यातच वापरायला, आणि मलप्रभेत वळवायला कळशाचं १.७२ व भांडुऱ्याचं २.१८. हे सगळे आकडे त्या गृहस्थाने लग्नपत्रिकेतली नावं वाचावीत तसे एका सुरात वाचले. 'त्यापैकी' तर गिळलाच. शेवटी बासरी जरा वर आली.

आता यातली मेख बघा. वीज करायला घेतलेलं पाणी टर्बाइन फिरवून परत नदीत जातं. म्हणजे ८.०२ मनातून बाजूला काढायचे. खरं वापरायचं पाणी ५.४, आणि त्यातलं मलप्रभेकडे येणार ते दोन्ही नाल्यांचं मिळून ३.९. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, तेव्हा १३.४२ आणि ३.९ यांतला फरक काही बारीकसारीक नाही. लेखकाने ते वाक्य मुळात हाच फरक दाखवायला पायरी-पायरीने रचलं होतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र पहिला आणि सगळ्यात मोठा आकडा तेवढा राहिला. शब्द एकही चुकला नव्हता बरं का. वाचन शुद्ध होतं आणि अर्थ उलटा पोचला.

पुढच्या खेपेला मी छापील प्रत घेऊन गेलो आणि तेच पान वाचून दाखवलं. आप्पांमधला मास्तर जागा झाला. प्रकट वाचनाचा तासच. "'त्यापैकी'वर दाब. आता थांब. आठ पॉइंट शून्य दोन सांगितल्यावर लगेच पुढं पळू नको, ते वजा करायला माणसाला वेळ दे." वजा करायला वेळ दे! माहितीचं पुस्तक कसं वाचावं यावर यापेक्षा उपयोगी सूचना मला नंतर कुठंही मिळाली नाही, आणि मी बरंच धुंडाळलंय.

धुंडाळलं, कारण मग मी ते पुस्तक त्यांच्यासाठी रेकॉर्डच करायला घेतलं. गावच्या घरातलं जुनं लाकडी कपाट रिकामं केलं, आतून वाकळा टांगल्या, माइक ठेवला. ऑडिबल या ऑडिओबुकवाल्या कंपनीची निर्मितीची जी व्यवस्था आहे तिचे नियम वाचले: मागचा खरखराट उणे ६० डेसिबलच्या खाली पाहिजे, आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ मध्ये बसली पाहिजे. खानापूरच्या पावसाळ्यात, कौलारू घरात, उणे साठ! जूनमध्ये सुरू केलेलं काम पाऊस सरल्यावरच मार्गी लागलं. पाऊस थांबला की बेडूक, बेडूक थांबले की लाइट जायची. तोंड कोरडं पडलं की जिभेची चकचक माइकमध्ये येते. त्यावर हिरवं सफरचंद खावं असं तिकडचे लोक सांगतात. मला कोमट पाण्याने भागलं. एक तासाचं तयार वाचन काढायला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो हे तेव्हा कळलं, आणि ॲपवरच्या निवेदकांबद्दल थोडी दयाही आली. थोडीच.

रेकॉर्डिंग आप्पांच्या फोनमधून त्यांच्या मित्रांकडे गेलं, एकाने पेनड्राइव्हवर घेऊन ट्रॅक्टरमध्ये लावलं. गावात देवळाच्या कट्ट्यावर ३.९ वर वाद झाला. एक जण म्हणे, "मग इतके दिवस तेरा तेरा म्हणून कोण सांगूलालंत?" मला आणखी काय पाहिजे होतं.

आता आतेभाऊ. तो पुण्यात असतो, जाहिरातींना आवाज देतो, पुस्तकंही वाचतो. त्यानेच माझा नमुना तिथल्या एका छोट्या स्टुडिओकडे पाठवला, हे त्याचे उपकार, मान्य. स्टुडिओचं उत्तर आलं: आवाज चांगला आहे, समजून वाचलंय, पण वाचनात कानडी हेल आहे, माहितीपर पुस्तकाला चालणार नाही. विनोदी काही आलं तर जरूर कळवू.

विनोदी काही आलं तर!

आतेभावाचं म्हणणं, त्यांचं बरोबर आहे. माहितीच्या पुस्तकात आवाज तटस्थ पाहिजे, ऐकणाऱ्याला वाचणाऱ्याचं गाव कळता कामा नये. मी म्हटलं, तुझं वाचन ऐकून मला तुझं गाव पहिल्या मिनिटाला कळतं, सदाशिव पेठ. ते गाव नाही होय? त्यावर तो हसला आणि म्हणाला, "अरे, बेळगावी मराठी गोडच आहे, पुलंचे रावसाहेब आठव की." इथेच माझं डोकं फिरतं. पुलं आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, त्यांनी आमचा हेल प्रेमाने टिपला, आणि ते स्वतः रावसाहेब वाचतात तेव्हा हसता हसता गळा दाटतो. ते व्यक्तिचित्र आहे, म्हणजे हाडामासाच्या माणसावरचं लेखन, कादंबरी नाही. तरी लोकांनी त्यातून घेतलं काय, तर बेळगावचा माणूस बोलला की हसायचं. आमच्या आवाजात शिवी चालते, रील चालतं, पण जललवादाचा निवाडा चालत नाही. आणि याच आतेभावाने सीमाप्रश्नावरच्या एका पुस्तकात येळ्ळूरचं सरळ 'येल्लूर' केलं होतं. २०१४ मध्ये ज्या गावच्या फलकावरून एवढं रान पेटलं, त्याचं नाव! ते कुणी परत पाठवलं नाही, कारण हेल बरोबर होता.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

ॲपवर नमुना ऐकायला मिळतो, त्यात प्रस्तावना ऐकू नका. प्रस्तावना सगळेच छान वाचतात. मधलं, आकड्यांचं किंवा 'एका बाजूला-दुसऱ्या बाजूला' असलेलं काही सापडतं का बघा, आणि वाचणारा कुठं थांबतो तेवढंच ऐका. समजून वाचणारा नवीन गोष्टीवर वजन देतो, आधी सांगून झालेल्यावरून हलकेच जातो. न समजता वाचणारा प्रत्येक वाक्य सारखंच महत्त्वाचं करतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज भारदस्तपणे खाली नेतो. असं पाच-दहा मिनिटं ऐकलं की डोकं थकतं, कारण मोठं काय नि किरकोळ काय हे निवडायचं काम सगळं तुमच्यावर पडतं. तुमचं लक्ष उडतं ते इथं.

हळू वाचणाऱ्यावर वेग सव्वापट करणं हा इलाज आहे. न समजणाऱ्यावर कुठलाच इलाज नाही, सव्वापटीत तो फक्त लवकर संपतो.

पार्श्वसंगीत असलेलं माहितीचं पुस्तक घेऊच नका. घरात म्हातारं माणूस ऐकणार असेल तर अजिबातच नाही. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, आणि स, श, त, थ असली व्यंजनं तिथंच असतात; त्यावर बासरी घातली की काय उरणार? खर्जातला घुमणारा आवाजही त्यांना कामाचा नाही. जरा पातळ पण व्यंजनं स्वच्छ टाकणारा आवाज बघा.

लेखक स्वतः वाचत असेल तर तेच घ्या असं बरेच जण सांगतात. आत्मचरित्राला ठीक आहे. बाकी लेखकांना आपलं वाक्य इतकं पाठ असतं की ते आपल्यासाठी थांबतच नाहीत. तक्ते, तळटिपा, नकाशे ज्यात भरपूर आहेत ते पुस्तक कुणीही वाचलं तरी ऐकू नये, कागदावर घ्यावं.

दोन गोष्टी मात्र नमूद करतो, नाहीतर अन्याय होईल. मुलगा वाचतोय म्हणून आप्पांनी माझं वाचन जास्त प्रेमाने ऐकलं असणार, हे नाकारत नाही (कट्ट्यावरची माणसं माझ्या नात्यातली नाहीत, तेही लक्षात घ्या). आणि हेल निराळा, उच्चार निराळा. उच्चार चुकवणाऱ्या बेळगावच्या माणसालाही स्टुडिओने खुशाल परत पाठवावं. पुण्यात उत्तम वाचणारे आहेत, आमच्याकडे भिकार वाचणारे आहेत. आमच्या पंचायतीतलं अहवालवाचन ऐकलंत तर तुम्हाला तो बासरीवाला गोड वाटेल.

ॲप कुठलं ते मी सांगत नाही, वर्गणी भरायच्या आधी फुकटच्या मुदतीत वरची परीक्षा घेऊन बघा.

आतेभाऊ हे वाचणार आणि खाली लिहिणार, की श्रोत्यांना काय आवडतं ते त्याला धंद्यामुळे माहीत आहे. लिहू दे. त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की १३.४२ चं ते वाक्य बासरी न घालता वाचून आप्पांच्या नंबरवर पाठव. ऐकून झाल्यावर मलप्रभेला पाणी किती मिळालं ते आप्पा तुला फोन करून सांगतील. त्यांनी ३.९ म्हटलं तर पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत मी हा विषय काढणार नाही.